तिसरा फिरकीपटू कुणाचा?

...नाही, पण तुम्हीच मला सांगा, जिचा नवरा देशाच्या क्रिकेट संघाचा माजी प्रशिक्षक आणि जिचा सख्खा भाऊ आत्ताचा प्रशिक्षक, त्या बाईने टीव्ही लावायचा की नाही लावायचा? लावला की नवरा दिसतो, माझ्याच भावाचे वाभाडे काढत बसलेला. बंद केला की फोन वाजतो, पलीकडे भाऊ, 'ताई, ऐकलंस का भावोजी काय म्हणाले ते?' अरे बाबा, ऐकलं, आणि ज्या शर्टात बसून म्हणाले ना, त्या शर्टाला सकाळी इस्त्रीही मीच केली होती. आणि वर सांगते, मला क्रिकेटमधलं काही कळत नाही, हं. काही म्हणजे काही नाही.

झालं असं की आमचे हे बरीच वर्षं संघाचे प्रशिक्षक, आणि माझा धाकटा भाऊ त्यांचाच सहायक. यांच्या मागे मागे फिरून शिकला तो. मग एका दौऱ्यात संघ असा काही आपटला की मंडळाने यांच्या हातात पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला आणि यांना घरी पाठवून दिलं. यांच्या जागी कोण? तर धाकटा. त्या दिवशी हे काय छान बोलले म्हणून सांगू, 'पद घरातच राहिलं, माझे आशीर्वाद आहेत त्याला.' आशीर्वाद टिकले, नाही असं नाही... पहिली मालिका सुरू होईपर्यंत टिकले.

आता, आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेला माणूस घरी बसला की कुणाला शिकवणार? मी झाडत असले की मागून आवाज, 'कमरेतून नको, गुडघ्यातून वाक.' मी कपडे वाळत घालते तर 'खांदा पडतोय तुझा.' तेवढ्यात त्या वाहिनीवाल्यांचा फोन आला, तज्ज्ञ म्हणून या म्हणाले, आणि खरं सांगते, मी सुटकेचा श्वास सोडला. मला काय ठाऊक, हे तिथे जाऊन माझ्या माहेराचा उद्धार करणार आहेत? तो टायवाला निवेदक हळूच काडी टाकतो, 'सर, आपल्या काळात असं झालं असतं का?' की झालं, हे खुर्चीत पुढे सरकलेच. 'संघाला दिशा नाही. माणूस चांगला आहे हो, पण पद झेपायला हवं.' इकडे हे बोलतायत आणि तिकडे माझी वहिनी मला फोनवर विचारतेय, 'ताई, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?' काय सांगू? ठीक आहे म्हटलं.

बरं, हा असा उघड कारभार चाललेला, आणि एका दुपारी धाकट्याचा फोन. आवाज एकदम खाली. 'ताई, एक काम कर ना. भावोजींना विचार, परवाच्या सामन्यात तिसरा फिरकीपटू घेऊ का? पण मी विचारलं असं सांगू नकोस. तुझ्या मनाने विचार, सहज.' आता सहज म्हणजे कसं? मला फिरकीपटू किती असतात तेही माहीत नव्हतं. पण भाऊ आहे, नाही कसं म्हणायचं? यांना चहा दिला आणि म्हटलं, 'अहो, साखर कमी तर नाही ना झाली, आणि तिसरा फिरकीपटू घ्यावा का हो?'

यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं... तुम्हाला सांगते, लग्नातसुद्धा या माणसाने माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं नव्हतं. 'तुला यात गोडी कधीपासून लागली?' म्हटलं, लागली आपली. मग काय विचारता, बशी म्हणजे मैदान, बिस्किटं म्हणजे फलंदाज, साखरेच्या डब्याचं झाकण म्हणजे खेळपट्टी. एक फलंदाज तर मध्येच खाल्लाही यांनी. शेवटी म्हणाले, 'खेळपट्टी कोरडी असेल तर डोळे झाकून तिसरा फिरकीपटू घ्यायचा. घाबरट माणसं घेत नाहीत. तुझा भाऊ घेणार नाही, बघ तू.' मी गॅलरीत गेले आणि धाकट्याला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. घाबरट एवढं गाळलं. बहीण आहे मी, एवढं गाळणारच.

त्याने घेतला तिसरा फिरकीपटू. आणि सामन्याच्या आदल्या रात्री तिथे पाऊस पडला. खेळपट्टी ओलसर, आकाश भरलेलं, चेंडू कसला वळतोय? त्या बिचाऱ्या गोलंदाजाला असा चोपला, असा चोपला की चेंडू गाड्या लावतात तिथून शोधून आणत होते. सामना हरलो, तोही वेळेच्या कितीतरी आधी.

संध्याकाळी मी टीव्ही लावला. हे होतेच, गालाला पावडर लावून. टायवाला विचारतो, 'सर, तिसऱ्या फिरकीपटूबद्दल काय सांगाल?' आणि आमचे हे, माझ्या इस्त्रीच्या शर्टात, 'ओलसर खेळपट्टीवर तीन फिरकीपटू? कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? अहो, आमच्या घरी विचारा. आमच्या मंडळींना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांनीसुद्धा असा मूर्खपणा केला नसता.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कळत नाही हे मी सांगायचं, यांनी कशाला सांगायचं, तेही देशाला?

तेवढ्यात फोन. मला वाटलं धाकटा आता चांगला कडाडणार. पण आवाज इतका बारीक होता की मी टीव्हीचा आवाज बंद केला. 'ताई, मंडळाने बोलावलंय. काढतील बहुतेक.' मग म्हणाला, 'मैदानावर अडलं ना, की अजूनही भावोजी काय म्हणतील हेच आधी डोक्यात येतं गं. म्हणून विचारलं.' पडद्यावर यांचे ओठ हलत होते नुसते.

हे घरी आले, एकदम खुशीत. 'पाहिलंस का?' म्हटलं, पाहिलं. 'कसा वाटलो?' म्हटलं, 'छान. तो तिसरा फिरकीपटू तुमचा होता.' आणि मग सगळं सांगितलं, चहापासून गॅलरीपर्यंत. हे टॉवेलने पावडर पुसत होते, तो हात तिथेच थांबला. मग म्हणाले, 'मला सरळ का नाही विचारलं त्याने?' म्हटलं, 'सरळ विचारलं असतं तर सांगितलं असतंत?' टॉवेल खांद्यावर टाकून हे आत गेले. जेवलेही नाहीत धड. सकाळी मात्र स्वतःच म्हणाले, 'बोलाव त्याला.'

आला. किती महिन्यांनी दोघं एका खोलीत. एक या खुर्चीत, एक त्या सोफ्यावर, आणि मी मधे, कात्रीत. म्हटलं, आता भांडी उडतील. हे घसा साफ करून म्हणाले, 'तू विचारलंस हे बरं केलंस.' तो म्हणाला, 'तुमचं ऐकलं, भावोजी.' मला गहिवरून आलं हो, मी पदर डोळ्यांना लावणार, एवढ्यात हे म्हणतात, 'पण मी "कोरडी असेल तर" म्हणालो होतो.' धाकटा म्हणतो, 'तर? ताई "तर" म्हणाली नाही.' 'नाही म्हणाली?' 'नाही. ताई म्हणाली, कोरडी आहे, घे.' आणि दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

म्हटलं, म्हणाले होते मी 'तर'. शपथेवर सांगते. आणि समजा एक 'तर' गॅलरीत सांडलाच, तरी तू त्या खेळपट्टीवर उभा होतास ना रे, बूट घालून? पायाला ओल लागली नाही? तर धाकटा म्हणतो, 'ताई, ते वेगळं असतं.' आणि हे मान डोलावतात, 'वेगळं असतं ते. तुला नाही कळणार.' मला क्रिकेटमधलं काही कळत नाही ना. महिनोन्‌महिने ज्यांचं एका वाक्यावर पटलं नव्हतं, त्यांचं तिथे पाच मिनिटांत एकमत झालं. चूक कुणाची? माझी. मग दोघं बशी-बिस्किटं मांडून पुढचा सामना खेळत बसले.

मंडळाने त्याला ठेवलं, म्हणजे पुढच्या मालिकेपुरतं तरी. त्याच संध्याकाळी हे वाहिनीवर गेले. धाकटा माझ्याच सोफ्यावर बसून बघतोय. टायवाल्याने नेहमीची काडी टाकली, तर हे गंभीरपणे म्हणाले, 'हा प्रशिक्षक गुणी आहे. त्या पराभवात त्याची चूक नव्हती. निरोप पोचवणारी मधली यंत्रणा कमी पडली.'

टायवाला म्हणाला, 'मग सर, ती यंत्रणा बदलायला नको का?'

यांनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, जरासं दचकूनच. म्हणाले, 'छे छे, ते आता शक्य नाही. फार जुनी आहे.'

धाकटा म्हणाला, 'बघ ताई, भावोजी पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलले.' जुनी यंत्रणा उठली, आणि चहा टाकायला आत गेली.