दोन गावांची पकड

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या बॅटरी कारखान्याचे मालक. आरोग्य खात्याकडून आलेले पाहुणे. सत्कारमूर्ती डॉक्टरसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि समोर जमलेले सर्वजण, नमस्कार.

साहेबांबद्दल चार चांगले शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. या दवाखान्याची मेट्रन म्हणून मी त्यांच्या हाताखाली उभी हयात काढली. मग बोलायचं कुणी, मीच ना?

साहेब वक्तशीर. साहेबांचं अक्षर सुंदर. औषधवाल्यालाही वाचता येतं, डॉक्टरांमध्ये हे दुर्मीळ. हसा, हसा. पुढे फारशी संधी मिळणार नाही.

आणि साहेबांनी संशोधनही केलं. कारखान्यात जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढतात. भट्टीजवळच्या गावात लोकांच्या हातातून भांडी निसटायला लागली, तेव्हा हे शिशामुळे होतंय का, ते तपासायचं काम साहेबांकडे आलं. मुठीत धरून दाबायचं एक यंत्र असतं. जितका जोर, तितका काटा पुढे. माझी थोरली बहीण त्याच गावची. म्हशींची धार काढण्यात तिचा हात कुणी धरत नसे. तिने यंत्र दाबलं, काटा जेमतेम हलला.

साहेब म्हणाले, "दाबा की आजी. लाजताय काय, जावयाचा हात आहे का तो?"

ताई म्हणाली, "जावयाचा असता तर आजवर मोडला असता, साहेब. म्हशी आटायच्या आधी माझे हातच आटले."

साहेब मनमोकळं हसले. वहिनी, ते हसू तुम्हाला ठाऊक असेलच.

मग तुलनेसाठी धुरापासून लांबचं, निरोगी गाव हवं होतं. साहेबांनी टेकडीपलीकडचं निवडलं. का? तिथे जीप थेट दारापर्यंत जाते. तिथल्या बायांचाही काटा तेवढाच हलला. साहेबांनी निष्कर्ष लिहिला: दोन्ही गावांत फरक नाही, सबब कारखान्याचा दोष नाही, वय आणि आळस.

तो गुळगुळीत रस्ता कुणी बांधून दिला? अध्यक्षमहाराज, आपणच ना? भट्टीत उरलेला काळा चुरा पसरून. दर गाडीमागे त्याची धूळ लोकांच्या पाण्यात, पिठात, पाळण्यात. साहेबांची जीप पोचायच्या कितीतरी आधी शिसं तिथे पोचलं होतं.

हे मी तेव्हाच बोलले होते. साहेब म्हणाले, "मेट्रनबाई, तुम्ही आपल्या चादरी मोजा."

मोजल्या. मग रजा काढून डोंगरावरच्या, रस्ताच नसलेल्या गावात पायी गेले. तेच यंत्र, ताईच्याच वयाच्या बाया. काटा जवळजवळ दुप्पट. तिन्ही गावांचं रक्तही तपासून घेतलं. शिसं कुठल्या दोन गावांत निघालं, हे वेगळं सांगायला हवं का?

परवा दुसऱ्या भट्टीच्या परवानगीची सुनावणी आहे. कारखान्याचे नवे आरोग्य सल्लागार म्हणून साहेब तिथे आपला जुना निष्कर्ष वाचणार आहेत. अवश्य वाचावा. त्यांच्यानंतर मी बोलणार आहे. ताईला आणता येणार नाही. तिला आता घास भरवावा लागतो.

आजच्या दिवशी हे कशाला, असं पाहुण्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय. आजच्याच दिवशी. साहेबांना मधेच उठून जाता येणार नाही, असा दुसरा दिवस मला कुठे मिळणार होता?

बाहेर दोन्ही गावांच्या बाया थांबल्या आहेत. साहेबांशी हात मिळवून त्यांना निरोप द्यायचा आहे. प्रत्येकीला मी अंगातला सगळा जोर लावायला सांगितलंय. साहेब, बिचकू नका. तुम्हाला काही जाणवणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी. मी कुणाला केलेली नाही.

सिस्टर, दार उघडा.