सावरटाकळी तलावाचे चाक

पोलीस स्टेशन धाड
दि. १६/०४/२०२५, वेळ १६.३५

नाव : गोविंदा रामराव मापारी, वय ३६ वर्षे, व्यवसाय : हस्तक, रा. सावरटाकळी, ता. जि. बुलढाणा.

मी वर नाव लिहिलेला इसम, ठाण्यात स्वतःच्या पायाने हजर होऊन सांगतो की, मी वरील पत्त्यावर आईसह राहतो. जबाब लिहून घेणारे हवालदार गणेश इंगळे यांनी व्यवसाय काय लिहू म्हणून मला दोनदा विचारले. मजुरी लिहिली असती तरी भागले असते, पण दिवाळीपासून मी मजुरी केलेली नाही. माझे वजन ११८ किलो आहे व जिना चढताना मला मध्ये एकदा बसावे लागते. हे तपासात उपयोगी पडेल म्हणून सांगत आहे.

आमच्या गावातील चिंतामण उबरहंडे, वय ५२, यांचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आहे. दिवाळीपासून ते स्वतःला जलसम्राट म्हणवतात. मंडपाच्या काळ्या मखमली पडद्याचा झगा शिवून ते एप्रिलच्या उन्हातही तो घालतात. गोदामात नवरा-नवरीच्या खुर्चीवर बसून धुराचे मशीन चालू करतात व माईकवरून बोलतात. आम्ही कामावरची माणसे समोर दोन हातांवर उभी असलो तरी माईक लागतो. त्यांनी मला कामावर ठेवले ते माझ्या अंगाकडे पाहून. तलावाचे पाणी सोडण्याच्या दाराला लोखंडी चाक आहे, ते गंजलेले आहे व अंगाचा भार टाकल्याशिवाय फिरत नाही. मला काळा गणवेश दिला. त्याची चेन छातीपर्यंतच लागते, म्हणून आत बनियन घालतो.

त्यांची मागणी अशी की, ग्रामसभेने ठराव करून त्यांना सावरटाकळीचे सम्राट घोषित करावे, ठरावावर सरपंचाची सही व शिक्का असावा. नाहीतर भर उन्हाळ्यात तलाव रिकामा करू, अशी चिठ्ठी त्यांनी ग्रामपंचायतीच्या दारावर चिकटवली. प्रत्यक्षात चिठ्ठी मी चिकटवली. काल ग्रामसभा होती, पण गणपूर्ती न झाल्याने तहकूब झाली. सम्राट चिडून म्हणाले, "माणसं आले नाहीत म्हणून माह्यं राज्य अडून राह्यलं काय बे?" गावाला पाणी त्या एका तलावाचेच आहे, आणि माझ्या घरच्या नळालाही तेच येते.

आज सकाळी त्यांनी आमचे मोबाईल नेहमीप्रमाणे स्टीलच्या डब्यात जमा करून घेतले, डब्याला कुलूप लावले व काही सामान आणायला धाडला गेले. त्यांची स्वतःची गाडी एका लग्नात भाड्याने गेली होती. दुपारी २.३० वाजता वॉकीटॉकीवर हुकूम आला की चाक फिरव. मी दीड फेरा फिरवला. पाणी ओढ्यात पडू लागले. हे कृत्य मी केले आहे, मला ते नाकारायचे नाही.

तेवढ्यात सरपंच बेबीताई बांधावरून चालत आल्या. एकट्याच होत्या. मला वाटले ओरडतील. त्या माझ्याजवळ बसल्या व म्हणाल्या, "गोविंदा, पोलीस भरतीच्या वक्ताले तू याच बांधावर पयत होता. मी हंडा भरू भरू तुह्या फेऱ्या मोजायची. आता काऊन बसला इथं?" मी म्हणालो, "नोकरी हाये, बेबीताई." त्या म्हणाल्या, "मंग कर नोकरी. मी पाहतो किती पाणी राह्यते ते." आणि पाण्याकडे पाहत बसल्या. मला लाज वाटली. हे जबाबात घ्यावे.

मी चाक उलटे फिरवून दार बंद केले. उघडायला लागला त्याच्या दुप्पट जोर लागला. नंतर पान्याने नट काढून चाकच काढून घेतले. वॉकीटॉकीवर सम्राटांना तसे कळवले. ते म्हणाले, "मी धाडहून वेल्डर घेऊन येतो. पाचच्या आत दार तोडतो, मंग तुले पाहतो." तेव्हा ३ वाजून ५ मिनिटे झाली होती, बेबीताईंनी घड्याळ पाहून सांगितले. त्यांचा मोबाईल घरी राहिला होता, म्हणून तलावावर त्या थांबल्या व मी चाक घेऊन ठाण्याकडे निघालो.

फाट्यावर धाडला जाणारी काळी-पिवळी जीप उभी होती. मी बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "अजून पाच शिटा येऊ द्या." मी त्याला तलावाचे सांगितले. तो म्हणाला, "मंग चार." मी खाली उतरलो व पळू लागलो.

फाट्यापासून हे ठाणे पाच किलोमीटर आहे. चाकाचे वजन १४ किलो असावे. मी तीन ठिकाणी थांबलो, एका ठिकाणी उलटी झाली, पण बसलो कुठेच नाही. बसलो असतो तर उठलो नसतो. भरतीच्या मैदानावर तसेच झाले होते. तेव्हाही पाच किलोमीटरच होते व शेवटच्या फेरीला मी बसलो. त्याच तुकडीत हवालदार गणेश इंगळे पळत होते. ते पुढे निघून गेले, याबद्दल माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही.

ठाण्यात ४ वाजून १८ मिनिटांनी पोहोचलो. मला बोलता येईना, म्हणून चाक टेबलावर ठेवले. इंगळे यांनी मला ओळखले. दम आल्यावर मी तलावाचे सांगितले. साहेबांना सांगून त्यांनी लगेच तलावाकडे गाडी रवाना केली व मला पाणी दिले. मग म्हणाले, "गोविंदा, झाले बे तुहे पाच." मला थोडा वेळ बाहेर ओट्यावर बसू दिले.

जबाब चालू असताना ५ वाजून १० मिनिटांनी निरोप आला की, चिंतामण उबरहंडे हे धाडच्या जीप स्टँडवरच वेल्डरसह मिळून आले. झगा घालून ते काळी-पिवळीत बसले होते. जीप भरायला अजून तीन शिटा कमी होत्या. तलावाचे पाणी शाबूत आहे. सदर चाक मी हजर करीत आहे. पंचनामा झाल्यावर ते परत बसवायला मलाच न्यावे, अशी विनंती आहे, कारण दुसऱ्या कोणाच्याने ते फिरणार नाही.

वरील मजकूर हवालदार इंगळे यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम व खरा आहे. फक्त व्यवसायाच्या रकान्यात हस्तक लिहिले आहे, ते आज दुपारी ३ वाजून ५ मिनिटांपर्यंतच बरोबर आहे. त्यापुढची जागा मोकळी ठेवावी.

सही
गोविंदा रामराव मापारी

समक्ष
गणेश इंगळे, पोलीस हवालदार