तिकुर मेदावरची कॉफी

...आणि वर मलाच म्हणतात, 'शुमेत, तुझ्यात माणुसकी नाही!' अहो, चार दिवसांची पायपीट, वाटाड्या मी, दोन पाहुणे, दोन खेचरं आणि खेचरवाला कोण? तर सत्तरीचे येशानेवकाका! छातीचा भाता झालेला, दर वीस पावलांवर खोकला... यादीत नंबर पुतण्याचा होता हो, पण हेच काठी घेऊन हजर! म्हटलं, 'काका, घरी उन्हात बसा ना.' तर म्हणतात, 'तू बस. तुझं नुसतं तोंड चालतं, पाय कुठे चालतात?' आता माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

पाहुणे म्हणजे मारिके आणि तिचा भाऊ योस्ट. दोघं हॉलंडचे मास्तर, पाय करकोच्यासारखे. पहिल्या दिवशी दुपारी दोनलाच मुक्कामावर पोचले. तंबू कुठाय? खेचरावर. खेचर कुठाय? काकांबरोबर. आणि काका? देवाला ठाऊक! वरून गारा सुरू! एका छत्रीत आम्ही तिघं, त्यात योस्टचं अर्धं अंग बाहेर, कारण तो मावतच नाही... तासाभरानं काका आले नि म्हणाले, 'पोचलात होय? छान.' मी ओरडलो. पाहुण्यांदेखत ओरडलो. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी पहिला बाजार पाहिला, त्याच्यावर! पण मुक्कामाची जबाबदारी माझी... माझं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वरचं पठार लागलं. नुसतं गवत, गार वारा आणि माकडांचे कळप. मारिके विचारते, 'इथं कधी माणसं राहायची का?' प्रत्येक जण विचारतो हो! आणि माझं उत्तर पाठ आहे, 'छे! इथं कोण राहणार? गवत आणि माकडं.' जंगल खात्याच्या साहेबांनीच असं बोलायला सांगितलंय. जंगलाच्या हद्दीत गाव नको, म्हणून आठ वर्षांपूर्वी सगळ्यांना खाली शहरात नेलं, पत्र्याची घरं दिली. आता पाहुण्यांपुढे ते कशाला उगाळायचं? म्हणून मी वाटही वरची धरतो, कड्याकडची. खालची नाही. कधीच नाही. वरून देखावा चांगला दिसतो ना...

तर कॅम्प नंबर तीन. भर दुपार. काका नाहीत, खेचरं नाहीत, म्हणजे जेवणही नाही! निघालो शोधायला, वाटभर शिव्या देत. खेचरांच्या ताज्या लिदीचा माग खाली वळलेला... खाली, तिकुर मेदाकडे, त्या उठवलेल्या गावाकडे. मी थांबलो. मग गेलो. आठ वर्षांत पहिल्यांदा.

काय राहिलंय तिथं? गुडघाभर दगडांची गोल गोल कडी. छपरं गेलेली, चुलींत गवत. आणि वास कसला, तर कॉफी भाजल्याचा! काका आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसलेले. तीन दगडांची चूल, त्यावर कॉफीचं मडकं, आणि पुढ्यात सात कप... घरून चादरीत गुंडाळून आणलेले! आणि जुन्या शेजाऱ्यांना हाका मारताहेत, 'ए अस्नाकेच! कॉफी झाली, ये गं! अरे बलाय, ऊठ, तुझ्या मेंढ्या काही पळून जात नाहीत!' मग वाट बघतात. खोकतात. पुन्हा हाक.

मला हसू आलं हो. शपथेवर सांगतो. म्हटलं, चळला म्हातारा! तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या पाठीमागं कुणी उभं असल्यासारखी हाक मारली, 'वर्केनेश, तुझा बडबड्या आलाय बघ!'

वर्केनेश माझी आई. खालच्या पत्र्याच्या घरात दोन पावसाळे काढले तिनं. रोज सकाळी विचारायची, 'सातू उगवला का रे?' आणि मी विचारायचो, 'कुठं आई, पत्र्यावर?' गेली. ...मी पायाखाली पाहिलं, तर मी काकांच्या घराला लागूनच, आमच्या स्वयंपाकघरात उभा.

मागून मारिके आली. मला शोधत आलेली. म्हणाली, 'ही कुणाची घरं?' काकांना भाषा कळेना, पण प्रश्न कळला. 'सांग की,' म्हणाले, 'एरवी थांबत नाहीस.'

मी म्हटलं, 'हे माझं.'

ती दगडांच्या कड्याच्या आतच उभी होती. दगडांवरून बाहेर गेली, वळसा घालून जिथं दाराची फट होती तिथं आली, आणि वाकून आत आली. काकांनी तिच्या हातात आईचा कप दिला. रीतीप्रमाणे तीन वेळा कॉफी झाली. योस्ट येऊन बलायच्या जागी बसला. मावला.

धूर दिसला आणि जंगलाचा गार्ड आला, तिथं जाळाला बंदी. 'जाळ कुणी केला?' काकांनी हात वर केला, जसा शाळेत करतात तसा. मी म्हणू शकलो असतो, मी केला. माझं तोंड, जे कधी बंद होत नाही... ते बंद होतं. काकांचं नाव खेचरवाल्यांच्या यादीतून काढलं. खेचर नाही तर वर जायची परवानगी नाही. आता ते उन्हात बसतात, आणि शेजारी मला म्हणतात, माणुसकी नाही. माझं काय चुकलं, तुम्हीच... नको. सांगू नका.

परवा जबाब द्यायला बोलावलं. कारकून विचारतो, 'जाळ केल्याचं ठिकाण?' म्हटलं, 'तिकुर मेदा.' म्हणाला, 'असं गाव यादीत नाही. कॅम्प नंबर तीनच्या खाली, असं लिहितो.' लिहा. 'नाव?' शुमेत. 'वय?' चौतीस. 'जन्मगाव?'

पेन धरून बसलाय माझ्याकडं बघत...

म्हटलं, साहेब, वर जाळाचं ठिकाण लिहिलंत ना, तेच लिहा की पुन्हा.