बाईचं भेव

विमलबाईंचे मालक तात्या, त्यांचे लेक-सून, गावकरी मंडळी, तांड्यावरून आलेले सगळे, अन् पुढं सतरंजीवर बसलेली लेकरं.

मला बोलायला उठवलंय. इथं उभं राहून विमलबाईंबद्दल ‘होत्या’ म्हणायचं, हे अजून माझ्या तोंडात बसत न्हाई. शाळेत आमचे वर्ग भिंतीला भिंत लागून. त्या पहिलीला, मी चौथीला. इतकी वर्षं भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकतच मी शिकवत आलो. आता भिंत गप आहे.

माझ्या आधी बरेच जण बोलून गेले. कोणी माउली म्हणालं, कोणी ज्ञानाचा दिवा म्हणालं. मी खाली बसून ऐकत होतो अन् मला राग येऊन राहिला होता. दुःख आहेच, मंडळी. पण खोटं काहून बोलू? राग जास्त आहे. शोकसभेत राग बरा दिसत न्हाई, कळतं मला. बाईंना मात्र चाललं असतं. त्या काही गोडगोड बोलणाऱ्या नव्हत्या. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेच्या फाटकात उभं करून झापलेलं आहे, अन् बराबर झापलेलं आहे.

कशासाठी झापायच्या? आठवतंय का कोणाला?

शाळा उघडली की पहिलीत नवीन लेकरं यायची. दारात यायची, बाईंना बघायची अन् भोकाड पसरायची. बाईंनी अजून तोंड उघडलेलं नसायचं. हातात छडी न्हाई, काही न्हाई. तरी लेकरू आईच्या पदरात तोंड खुपसायचं. काहून? कारण शाळेत यायच्या आधीपासूनच त्याला बाई माहीत. झोप, न्हाई तर बाईला सांगते. दूध पी, न्हाई तर बाई येईल. माती खाऊ नको, बाई कोंडून ठेवील. दुसऱ्या गावात बागुलबुवा असतो. आपल्या गावात बाई!

बाई त्या आयांना म्हणायच्या, “घरी तुमी भेव घालता, अन् इथं मी ते काढत बसते. मग शिकवू कधी?” आया पदर तोंडाला लावून हसायच्या. बाप म्हणायचे, अहो बाई, थोडा धाक पाहिजेच की. धाक! भ्यालेलं लेकरू अक्षर गिरवत न्हाई, मंडळी. ते दाराकडं बघत बसतं. हे बाईंनी किती वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तांड्यावरची शेवंता इथं बसलीय. तिला विचारूनच सांगतो. ही पहिलीत आली तेव्हा सगळा पावसाळा एक शब्द बोलली न्हाई. घरून ऐकून आलेली, गावातली बाई कान कापते. बाईंनी तिला बोल म्हणून एकदाही दटावलं न्हाई. एक दिवस सहज विचारलं, तुझी वेणी कोणी घातली गं? पोरगी हळूच म्हणाली, “याडी.” झालं, सगळा वर्ग खो-खो हसला. आपल्याकडं याडी म्हणजे येडी बाई. तांड्यावर, बंजारा बोलीत, याडी म्हणजे आई. पोरगी पुन्हा मिटली. बाई हसणाऱ्यांवर ओरडल्या न्हाईत. शेवंताजवळ खाली मांडी घालून बसल्या अन् म्हणाल्या, “हा शब्द मला येत न्हाई. तू शिकीव.”

अन् मग पहिलीचा अख्खा वर्ग म्हणायला लागला, याडी म्हणजे आई, याडी म्हणजे आई. भिंतीपलीकडं माझी चौथीची पोरंही म्हणायला लागली. गणित बोंबललं माझं. पण शेवंताचं तोंड जे उघडलं ते आजपर्यंत बंद न्हाई. हसा, हसा. बाईंनाही हसू यायचं. आज शेवंताची पोरगी पहिलीत आहे, अन् ती पहिल्या दिवशी रडली न्हाई. तिला घरी कोणी बाईचं भेव घातलं नव्हतं.

आजूबाजूच्या शाळांतले गुरुजी आलेत, बाई आल्यात. तुमाला एवढंच सांगतो. लेकरू घरचा शब्द घेऊन येतं. त्याच्या मुठीतला खाऊ आहे तो. हिसकावू नका. आधी चाखून बघा.

आईबापांची अजून एक खोड. लेकराला वर्गात बसवायचं, खाऊत गुंतवायचं अन् मागच्या मागं पसार व्हायचं. बाई फाटकापर्यंत धावत जायच्या अन् बापाला दंडाला धरून परत आणायच्या. म्हणायच्या, “चोरून जाऊ नका. त्याला सांगून जा. रडलं तर रडू द्या. येतो म्हणा, अन् खरंच या.” आपल्यात निघताना कोणी ‘जातो’ म्हणत न्हाई, ‘येतो’ म्हणतं. आपल्याला ती नुसती रीत. लेकरू मात्र तो शब्द धरून बसतं.

अन् स्वतः बाईंनी काय केलं? शनिवारी शाळा सुटली, कुलूप लावलं, “येते गुरुजी” म्हणाल्या. रविवारी सकाळी अंगण झाडता झाडता गेल्या. कोणावर चिडू मी?

सोमवारी पहिलीची लेकरं दारात बसून. बाई काहून आल्या न्हाई, म्हणून विचारून राहिली. घरच्यांनी सांगितलेलं, बाई गावाला गेल्या. असं सांगू नका हो! गावाला गेलेलं माणूस परत येत असतं. लेकरू रस्त्याकडं डोळे लावून बसतं. मी त्यांच्यात बसलो अन् सांगितलं, बाई वारल्या, आता त्या येणार न्हाईत. रडली. मीही रडलो. दुपारी सगळी मिळून खिचडी जेवलो. खरं सांगितल्यानं लेकरू मोडत न्हाई, मंडळी.

आता माझा राग कशावर आहे ते सांगतो, अन् बसतो.

फाट्यावर बाईंचा बॅनर लागलाय. भावपूर्ण श्रद्धांजली. बाईंचा फोटो एक, अन् श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे इतके की त्यात बाई शोधाव्या लागतात. ते जाऊ द्या. आज सकाळी मी तिथं चहा पीत होतो. समोर एक आई लेकराला बिस्कीट चारत होती. लेकरू खाईना. तिनं बॅनरकडं बोट केलं. म्हणाली, “ती बघ, बाई बघून राहिली. खा, न्हाई तर खाली उतरल.”

लेकरानं वर बघितलं. तोंड उघडलं. अन् न चावता गिळलं.

ती आई वाईट न्हाई. बाईंच्याच हाताखाली शिकलेली आहे. नाव घेत न्हाई, तिला टोचायचं न्हाई मला. पण मी चहा तसाच ठेवून उठलो. ज्या भेवाशी बाई जन्मभर भांडल्या, तेच त्या गेल्यावर त्यांच्या तोंडावर चिकटवलं आपण. जित्या होत्या तोवर लेकरू एक ना एक दिवस वर्गात यायचं, बाईंच्या मांडीवर बसायचं, अन् घरचं खोटं पडायचं. आता ते कसं खोटं पडणार? त्या बिस्कीटवाल्या लेकराला बाई कधी भेटणारच न्हाईत. तुमी सांगाल तीच त्याची बाई. माउली म्हणा, दिवा म्हणा, इथं काही म्हणा. घरी जाऊन काय सांगता?

आत्तासुद्धा ऐकू आलं मला. मागं कोणीतरी लेकराच्या तोंडावर हात ठेवला. गप, बाईंचा फोटो हाय म्हणे. काढा तो हात.

आता आपण उभं राहून बाईंसाठी दोन मिनिटं शांत राहणार आहोत. पण माझी एक अट आहे. शांत मोठ्यांनी राहायचं. लेकरांना कोणी गप करायचं न्हाई. रडलं तर रडू द्या, पळालं तर पळू द्या. अन् एखाद्यानं फोटोकडं बोट करून विचारलं, ही कोण, तर खुशाल शांतता मोडा. खाली वाका अन् त्याला सांगा, ही बाई. माझी बाई. हिला भ्यायचं न्हाई.

उठा मंडळी.

बाई, लेकरं बोलून राहिलीत. आमी गप राहतो.