मिस रिहाब यांनी समोर ठेवलेली कॉफी

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर नुहा, व्यासपीठावर विराजमान असलेले जॉर्डनभर नावाजलेल्या आपल्या सल्त गावचे सर्वांत ज्येष्ठ हाजी मिस्काल, मिस रिहाब यांचे थोरले बंधू अबू तैसीर, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आजच्या उत्सवमूर्ती, आमच्या शिक्षिका मिस रिहाब, त्यांच्या शेजारी नव्या कोटात घामाघूम झालेले आमचे वर्गमित्र अबू सारी, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाच्या वतीने दोन शब्द बोलायला मला सांगितलं आहे. माझा उभा जन्म टपाल कचेरीच्या खिडकीमागे गेला. तिथे समोरचा बोलायचा आणि मी ऐकायचो. आज समोर एवढी माणसं गप्प बसलेली पाहून मला जरा लोभ सुटला आहे, तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे थोडा कानाडोळा करावा.

मी वर्गात आलो तो विद्येच्या ओढीने, असं सांगितलं तर माझी बायको उम्म नायफ इथेच उठून उभी राहील. निवृत्त झाल्यावर मी घरात बसून तिला मसुराची आमटी कशी करावी ते शिकवू लागलो. आठवडाभर तिनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "शिकवायची एवढी हौस आहे ना, मग आधी कुठेतरी शिकून या." अबू सारींचं कारण मात्र खरं होतं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात, आणि नातीला इंग्रजीशिवाय काही येत नाही. फोनवर ती बोलायची, हे हसायचे, आणि फोन ठेवल्यावर विजेच्या दुरुस्तीच्या दुकानात एकटेच बसून राहायचे.

पहिल्याच संध्याकाळी मिसनी सांगितलं, आपण कोण ते एका इंग्रजी वाक्यात सांगा. मी ऐटीत म्हणालो, मी अबू नायफ. मग अबू सारी. मग शिवणकाम करणाऱ्या उम्म इमाद. मिस शांतपणे म्हणाल्या, "नायफचा बाप, सारीचा बाप, इमादची आई. मुलांची ओळख झाली. आता तुमची करून द्या."

आता मला सांगा, यावर माणसानं काय बोलावं? आपल्याकडे पहिला मुलगा झाला की आईबापाचं नाव गेलंच समजा. ते पुन्हा कधी निघतं? सरकारी कागदावर आणि बायको चिडल्यावर.

मग मिसनी आम्हाला इंग्रजांचा तो चिमुकला शब्द दाखवला. ॲज. आपण जिथे 'म्हणून' म्हणू, तिथे ते हा घालतात. वाक्याच्या तोंडाशीच सांगून टाकायचं की आत्ता बोलतोय तो कोण म्हणून बोलतोय. बाप म्हणून मी कडक आहे. गिऱ्हाईक म्हणून मी चिकट आहे. शेजारी म्हणून मी बरा आहे. माणूस एकच, पण दर वाक्याला वेगळा उभा राहतो. आणि गंमत म्हणजे 'लहानपणी मी कुत्र्याला भ्यायचो' हेसुद्धा ते त्याच शब्दानं सांगतात. मूल म्हणून मी कुत्र्याला भ्यायचो!

अबू सारींना राहवेना. त्यांनी विचारलं, "म्हणजे बालपण ही पण एक नोकरीच झाली का, मिस?"

"नोकरीच," मिस म्हणाल्या. "सगळ्यांना मिळते. कायम कुणालाच करत नाहीत."

त्या दिवसापासून आम्हाला खूळच लागलं. भाजीवाल्याकडे, मशिदीच्या पायऱ्यांवर, दवाखान्याच्या रांगेत आम्ही मनातल्या मनात वाक्यं जुळवायचो. आजारी माणूस म्हणून मी कसा? जावई म्हणून कसा? एकदा उम्म इमादनी विचारलं, विधवा हेही असं लावता येतं का. मिस म्हणाल्या, येतं. मग बाईंनी विचारलं, "आणि पुढच्या वाक्यात काढून ठेवता येतं?" मिस म्हणाल्या, तेही येतं. उम्म इमाद ताठ बसल्या, आणि शिंपीण म्हणून आपण गावातल्या कुणालाही हार जात नाही असं अगदी खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या. चुका दोन होत्या, पण मिसनी एकही दाखवली नाही.

अबू सारींचं वाक्य मला आठवतं. नवरा म्हणून मी आळशी होतो, आता तसा राहणार नाही. मिसनी विचारलं, आता म्हणजे केव्हा? अबू सारींचे कान लाल झाले. आम्ही सगळे वह्यांत डोकं घालून बसलो. आम्हाला इंग्रजी येत नसेल, पण एवढं कळत होतं.

आता पुढची गोष्ट अबू तैसीर समोर बसलेले असताना सांगायची म्हणजे धाडसच आहे. पण त्यांनी मला परवानगी दिली आहे, आणि तीही हसून. मिस रिहाब त्यांच्याच घरात राहायच्या. आईचं आजारपण त्यांनी काढलं, भावाची मुलं वाढवली, आणि तरुणपणी ज्या मागण्या आल्या त्या भावानं दारातूनच परत पाठवल्या. पुढे येणं बंद झालं. आपलं गाव कसं आहे ते आपल्याला ठाऊक आहे. अबू सारींची ही मागणी परत गेली असती तर पुन्हा त्या दाराची कडी कुणी वाजवली नसती. आधी कानोसा घ्यायला उम्म नायफ गेली, तेव्हा मिस एवढंच म्हणाल्या, "माझं हो आहे. पण मला विचारतंय कोण?"

तर आम्ही जाहा घेऊन गेलो. आजची तरुण मंडळी हॉटेलात साखरपुडे करतात, त्यांच्यासाठी सांगतो. गावातले वडीलधारे मुलीच्या घरी मागणी घालायला जातात ती जाहा. घरचा माणूस कॉफी देतो. जाहाच्या म्होरक्यानं तो पेला समोर ठेवायचा, पण प्यायचा नाही. आधी मागणी बोलायची. घरच्यानं "कॉफी प्या" म्हटलं की मागणी मान्य. आधीच प्यायलात तर ती नुसती भेट, मागणी नव्हेच, आणि मग त्या बैठकीत तो विषय काढायचा नाही.

म्होरके होते आपले हाजी मिस्काल. रस्त्यापासून अबू तैसीर यांच्या दारापर्यंतच्या पायऱ्या आपण सगळ्यांनी चढलेल्या आहेत. हाजी वर पोचले तेव्हा त्यांच्या घशाला कोरड पडली होती. अबू तैसीर यांनी पेला हातात दिला. हाजींनी "अल्लाह बरकत देवो" म्हटलं आणि एका घोटात पिऊन टाकला.

हाजी, हसू नका, तेव्हा तुम्ही हसत नव्हता.

हाजींनी रिकाम्या पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू काही मीच तो प्यायलो. अबू तैसीर यांच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र सैल झाला. बरं वाटलं तुम्ही सगळे सहज आलात, असं म्हणून त्यांनी ऑलिव्हच्या पिकाचा विषय काढला. यंदा तेल कसं निघेल, गिरणीवाला कसा लुबाडतो. अबू सारी मान हलवत होते, पण त्यांना काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, संपलं. एवढ्या वर्षांनी कुणीतरी कडी वाजवली, आणि आमच्याच म्हाताऱ्यानं तहानेपायी ती सोडून दिली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. मिस रिहाब आल्या. हातात कॉफीचा एकच पेला. जाहा बसलेली असताना घरातली बाई तिथे येत नाही, आणि जिची मागणी ती तर मुळीच नाही. त्या भावाकडे गेल्या नाहीत. सरळ पाहुण्यांच्या बाजूला आल्या, हाजींच्या शेजारी बसल्या, आणि पेला आपल्यासमोर ठेवला. प्यायल्या नाहीत.

"हे काय चाललंय, रिहाब?" अबू तैसीर म्हणाले.

त्या अगदी वर्गात बोलतात तशा आवाजात बोलल्या. "दादा, मुलगी म्हणून मी आईजवळ बसले. बहीण म्हणून तुझ्या घरात राहिले, आणि तू जे ठरवलंस ते ऐकलं. आत्या म्हणून तुझी मुलं मोठी केली. त्यातलं काही मला नकोसं नव्हतं. आज मी या घरची म्हणून आलेली नाही. मी माझी वडीलधारी म्हणून आलेय. मला रिहाबची मागणी घालायची आहे, अबू सारींसाठी."

अबू तैसीर यांनी त्या पेल्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"एवढी वर्षं पेला माझ्यासमोर कुणी ठेवला नाही."

मित्रहो, मी टपाल खात्यातला माणूस. पत्राला उत्तर यायला वेळ लागतो हे मला कळतं. पण ते उत्तर यायला जेवढा वेळ लागला, तेवढी मी कुठल्याच उत्तराची वाट पाहिली नसेल. अबू तैसीर उठले, बहिणीपाशी आले, पेला स्वतःच्या हातानं उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "कॉफी पी, रिहाब."

त्या प्यायल्या. थोडी कॉफी सांडलीही, आणि हाजी मिस्काल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मीही रडलो, लपवायचं कशाला?

आता लग्न करून दोघं कॅनडाला निघाली आहेत, नातीकडे. उम्म इमाद आमचा वर्ग पुढे चालवणार आहेत. आमचा वर्ग भरतो त्या संस्थेने हे सभागृह दिलं, अध्यक्ष डॉक्टर नुहा यांनी घड्याळाकडे खरोखरच पाहिलं नाही, आणि मिठाईच्या ताटाकडे डोळे लावूनही आपण सगळ्यांनी मला ऐकून घेतलं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. वक्ता म्हणून माझं काही वेडंवाकडं गेलं असेल तर सांभाळून घ्यावं.

एवढं बोलून मी खाली बसणारच होतो, पण मघाशी दारात अबू तैसीर यांनी माझा हात धरला. म्हणाले, मला उभं राहून बोलता येणार नाही, तू सांग. मिस, हे त्यांचे शब्द आहेत, माझे नव्हेत. "भाऊ म्हणून मला फार उशीर झाला. तिला म्हणावं, माफ कर."