दुधाच्या डब्यातला दात

—नको नको, तू बोलू नको वं बाई. दाढ काढल्यावर कापूस अर्धा घंटा दाबून बस, असं डॉक्टरीणबाईनं आत्ताच सांगितलं ना तुले? मंग दाबून बस. थुकू बी नको, थुकलं का रक्त पुन्हा सुरू होते. मीच बोलते. मले चूप बसवत नाही — त्या बंद दाराकडे पाहून पाहून माही मान दुखून राहिली. अंदर माही नात हाये, भूमिका. अकरा वर्साची. समोरचा वरचा दात, पक्का दात, मुळासकट बाहेर आला. काहून म्हणतं? कबड्डी! आंगणात पोट्ट्या खेळून राहिल्या होत्या, एकीचं कोपर बसलं तोंडावर. शाळेतल्या सरांनं दातावर घालायचं रबराचं कवच आणायले सांगितलं होतं, तं मीच हासली — म्हटलं, पोट्टी हाये का घोडा, लगाम कायले पायजे? आता हास म्हणा प्रयागबाईले.

पोट्टीच्या तोंडात ओला फडका दिला, चाव म्हटलं घट्ट, अन् मातीतून दात धुंडून काढला. दुधाचे दात पडले तवा सगळे मीच छपरावर फेकले, उंदराच्या नावानं. हाही फेकणारच होती — हात वर केला होता, खरं सांगते — तं शेजारची गार्गी गॅलरीतून बोंबलली, आजी, फेकू नका, तो पुन्हा बसवता येते! दुधात टाका, मी ऑटो आणते! मंग काय, स्टीलचा डबा, डब्यात थंड दूध, दुधात दात, डबा पदराखाली. आमच्या नंदनवन कॉलनीतून इथवर त्या ऑटोवाल्याचं मी डोकं खाल्लं. डॉक्टरीणबाईनं डबा उघडला अन् म्हणे, शाबास आजी! शिकलेले लोक कागदात बांधून आणतात, तुम्ही दुधात आणला! मले कोणी शाबास म्हटलं त्याले, बाई, चाळीस वर्सं झाली असन.

तुहा गाल सुजून राहिला वं. घरी जाऊन शेकू नको हं, बाहेरून बर्फ लाव. ऐक माहं. आमच्या यायनं — माह्या नवऱ्यानं, चंपतरावनं — जल्मभर तमाखूचा खर्रा चावला, सगळ्या दाढा किडल्या. एका सकाळी गाल असा फुगला, पुरीसारखा. मी वीट तापवली, फडक्यात गुंडाळली, दोन दिवस शेकलं. सूज उतरली, पण खाली — गळ्यात. श्वास लागे त्यायले. दवाखान्यात मोठा डॉक्टर ओरडला, हे कोणं शेकलं? पू पसरला ना गळ्यात! मी भिताडाले टेकून उभी. यायचा तं जबडाच उघडे ना. तरी त्यायनं बोट वर केलं अन् स्वतःच्या छातीले लावलं — मीच शेकलं. आठ दिवस नळीनं जेवले. घरी आल्यावरही मले एका शब्दानं टोकलं नाही. चार वर्सं झाली आता, हार्टनं गेले.

हे मी तुले काहून सांगून राहिली?

काही नाही. डॉक्टरीणबाईनं मलेही असंच विचारलं म्हणून. आजी, मूळ घासलं तं नाही ना? मुळावर बारीक जिवंत साल असते, ते शाबूत असन तरच दात हाडाले पुन्हा धरते. घासला असन तं सांगा, मंग मले वेगळा इलाज करा लागन. मी म्हटलं, नाही. शाबासकी अजून कानात गरम होती ना! धुतला फक्त, म्हटलं.

धुतलाच. गार्गी ऑटो आणाले पळाली, मी एकटी. माती लागलेला दात तसाच दुधात टाकू? अन् पोरीच्या तोंडात जायचा होता तो! मुळाले काहीतरी मासासारखं चिकटलेलं दिसे, घाणेरडं. तं जरासा — चिमूटभर राखुंडी घेतली. अन् काथ्या. देवाची समई घासतो ना आपण, तसा. लख्ख झाला, वं. मले तं बरं वाटलं.

अशी पाहू नको माह्याकडे. मले काय मालूम? चांगलं करायले गेली मी! सून गांधीबागच्या कापडाच्या दुकानात, पोरगा बुटीबोरीच्या कंपनीत, निघाले असन दोघं — आल्यावर काय सांगू? पाच मिनिटं झाली असन का तिले अंदर नेऊन? दहा? बसवला नसन अजून. सुई देऊन राहिली असन. पोट्टीचा आवाज नाही येत, तुले येते का? …मान हालवू नको, कापूस सरकन.

यायनं बोट दाखवलं होतं. आता कोण दाखवन?

सरक जराशी. कापूस दाखवायचा नंबर तुहाच हाये पुढचा, ठाव हाये मले, असू दे. हे पिशवी धर माही. अन् तू तोंड बंदच ठेव, तुले तसंच सांगितलं हाये — माहं तसं नाही.

ओ डॉक्टरीणबाई! दार उघडा! थांबा, दात बसवू नका अजून —