चपलीवरून निवडलेले टायर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पण आमच्या जीपचे टायर मी चपलीवरून निवडले. आमचे हे जीपमधून आहुपे गावची माणसं मंचरला न्यायचे. टायर दोन पावसाळ्यांत गुळगुळीत झाले आणि घाटात जीप घसरून थेट दरीच्या कडेला थांबली. मग नवे टायर घ्यायला मीही सोबत गेले.

दुकानदार शेठ माझ्याकडं बघेचना. ह्यांना म्हणाला, "भाऊ, हा घ्या. नक्षी बघा कशी!"

मी म्हटलं, "रांगोळी काढायचीय व्हय?" आणि पायातली टायरच्या तळाची चप्पल काढून गल्ल्याशेजारी ठेवली.

शेठ दचकला. "वहिनी, तिथं लक्ष्मी हाय!"

"आन् दरीत जाणारा माणूस माझा हाय. चार पावसाळे दगडांवर घासलीय ही चप्पल, तरी खाचा शाबूत हायेत. ह्याच कंपनीचे टायर काढा."

शेठनं चप्पल उलटी करून कंपनीची अक्षरं वाचली आणि तसलेच चार टायर आणले.

निघताना ह्यांना हुरूप आला. "जुन्या टायरच्या तुला चपला करून घेऊ."

"तुमालाच करा," मी म्हटलं. "घसरलात तरी घरातच पडाल."